राउटरच्या पानावरची एबीसीडी: कशाला हात लावायचा, कशाला नाही

नेट बसवायला आलेला पोरगा दहा मिनिटात काम उरकून जातो, आणि नंतर आपण ते सेटिंगचं पान उघडलं की नुसती एबीसीडी दिसते. उघडायचं कसं तर घरच्या वायफायवर राहून ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाका (आकडे इंग्रजीतूनच बरं का), नाही उघडलं तर राउटरच्या बुडाला स्टिकर असतो त्यावर पत्ता बघा.

एसएसआयडी म्हणजे फक्त तुमच्या वायफायचं नाव. त्यात आडनाव, फ्लॅट नंबर घालू नका, बस.

त्याच्या खाली सिक्युरिटी, म्हणजे वायफायला कुठल्या प्रकारचं कुलूप लावायचं ते. डब्ल्यूईपी १९९७ चं, ते २००१ मधेच फुटलं, तेच चालू असेल तर आधी बदला. नुसतं डब्ल्यूपीए ही २००३ ची तात्पुरती मलमपट्टी होती, तेही नको. डब्ल्यूपीए३ दिसलं तर ते घ्या, जुना फोन जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२, आणि तिथे टीकेआयपी की एईएस (माहिती गुप्त ठेवायच्या दोन पद्धती) विचारलं तर डोळे मिटून एईएस.

आता डब्ल्यूपीएस, नाव सारखं वाटतं पण हा वेगळाच प्राणी आहे. पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने जोडायची सोय. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता वाटतात ना, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो आणि वर राउटर पहिले चार बरोबर की चूक ते वेगळं सांगून टाकतो, म्हणजे उरले पहिल्या चारांसाठी १०,००० अधिक पुढच्या तिनांसाठी १,००० प्रयत्न! २०११ मधे हे उघड झालं तरी कित्येक राउटरवर अजून चालूच असतं. बंद करा.

डीएचसीपी घरातल्या प्रत्येक फोनला आयपी नंबर (नेटवर्कवरचा पत्ता) वाटतो, एनएटी त्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्यावर दाखवतो, दोघांनाही हात लावू नका. मॅक फिल्टरच्या (ठराविक उपकरणांनाच त्यांच्या मॅक नंबरवरून आत घेण्याच्या) नादी लागू नका, मॅक म्हणजे उपकरणाचा ओळख नंबर बदलता येतो आणि नवे फोन तर तो स्वतःच बदलतात.

डीएनएस मात्र बघा. साइटच्या नावावरून नंबर शोधून देणारा हा, त्यामुळे तिथे कोणी भलताच पत्ता घातला तर बँकेचं नाव टाकूनही तुम्ही दुसरीकडेच पोचाल, अशावेळी ब्राउझर एचटीटीपीएसची (साइट खरी आहे याची खात्री पटत नाही अशी) वॉर्निंग देतो, ती "पुढे जा" दाबून उडवायची नाही. शंका आली तर तिथे ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) टाका.

जाता जाता अ‍ॅडमिनचा, म्हणजे हे सेटिंगचं पान उघडायचा, पासवर्ड बदला, हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. सेव्ह केल्यावर राउटर रीस्टार्ट होऊ शकतो, त्याआधी घरात कोणाची मीटिंग चालू नाही ना विचारून घ्या.