ग्न्येझ्नोचं दार कसं वाचावं

पोलंडचा मध्ययुगीन इतिहास बघायचा म्हटलं की पाहुणे थेट क्राकूफला पळतात. मी पोझ्नानला राहते, म्हणून कदाचित पक्षपाती असेन, पण माझं सांगणं एकच: आधी ग्न्येझ्नो. इथून जेमतेम 50 किलोमीटर. तिथल्या कॅथेड्रलमध्ये 12व्या शतकाच्या उत्तरार्धातलं काशाचं दार आहे. दोन फळ्या, प्रत्येकीवर 9 चित्रं, वोइचेख नावाच्या संताच्या आयुष्यातली.

जाताना कागदावर 18 रिकाम्या चौकटी आखून न्या. पहिल्या वेळी मी पुस्तकासारखी डावीकडून वरून सुरुवात केली आणि पार गोंधळले. क्रम प्रदक्षिणेचा आहे. डाव्या फळीवर तळापासून वर चढायचं, मग उजवीवर वरून खाली उतरायचं. तळाशी बाळंतीण दिसली की समजा, वोइचेखचा जन्म झाला. हा पुढे प्रागचा बिशप. वर चढताना, शेवटून दुसऱ्या चौकटीत तो ख्रिस्ती गुलामांच्या विक्रीबद्दल बोहेमियाच्या सत्ताधीशाला जाब विचारतो. मधली चित्रं भराभर पाहिलीत तरी चालेल.

उजवीकडे होडी दिसते. तो प्रशियनांना बाप्तिस्मा द्यायला निघालाय. (हे प्रशियन म्हणजे जर्मन नव्हेत, बाल्टिक भाषा बोलणारे लोक.) 997 मध्ये त्यांनी त्याला मारलं. खांबावर शिर, राखणीला गरुड.

मग तराजू शोधा. इथे सगळ्यात जास्त वेळ थांबा. पोलंडचा सत्ताधीश बोलेस्वाफ ह्रोब्री सोनं मोजून वोइचेखचं प्रेत सोडवून घेतोय. त्याच्या बापाने, म्येश्कोने, बाप्तिस्मा घेतला 966 मध्ये. म्हणजे घरात धर्म येऊन पुरती 35 वर्षंही झाली नव्हती. सौदा मात्र पक्का! आता त्याच्याकडे हक्काचा संत होता. 1000 साली पवित्र रोमन सम्राट तिसरा ऑटो वोइचेखच्या थडग्याच्या दर्शनाला आला, ग्न्येझ्नोला स्वतंत्र आर्चबिशप मिळाला आणि 1025 मध्ये बोलेस्वाफ राजा झाला.

पण दाराला फोटो समजू नका. ते दार घडवलं तेव्हा या घटनांना दीडशेहून जास्त वर्षं लोटली होती, आणि 1138 नंतर राज्याच्या वाटण्या होऊन भाऊ भाऊ भांडत होते. मला वाटतं, एकसंध राज्याच्या दिवसांची आठवण करून द्यायलाच तो तराजू इतका ठसठशीत ओतलाय.

मान दुखायला लागली की कडेची वेल बघा. तिच्यात प्राणी दडलेत, मुलं सोबत असतील तर त्यांना मोजायला लावा.