खाजन शेतीसाठी भाताचा संकर: जनकांची निवड आणि पुढची निवड

उत्पादन वाढवायचे म्हणून दोन भरघोस वाणांचा संकर करावा, असे सहज वाटते. परंतु त्या दोघांचे मूळ एकच असेल तर हाती नवे फारसे लागत नाही. गोव्यात मोठ्या प्रमाणावर घेतल्या जाणाऱ्या जया आणि ज्योती या दोन्ही वाणांचे ठेंगणेपण तैवानच्या ‘डी-जिओ-वू-जेन’ या भातातून आलेले आहे, जयाला तायचुंग नेटिव्ह-1 मधून आणि ज्योतीला आयआर-8 मधून. म्हणून प्रथम जनकांची, म्हणजे संकरासाठी घ्यायच्या दोन वाणांची, वंशावळ पाहावी, उताऱ्याचे आकडे नंतर.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, उतारा घटतो तो मुख्यतः खाऱ्या पाण्यामुळे. जमिनीची क्षारता सुमारे 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या (क्षारता मोजण्याचे एकक) वर गेली की पुढच्या प्रत्येक एककामागे भाताचे उत्पादन साधारण 12 टक्क्यांनी घसरते. येथे कोरगुट हा खाजनातला पारंपरिक भात उपयोगी पडतो: तो क्षार सोसतो, मात्र उंच वाढून लोळतो. तेव्हा एक जनक कोरगुट आणि दुसरा ठेंगणा, भरपूर फुटव्यांचा वाण घ्यावा. कोरगुटचे बियाणे मात्र एकाच शेतातून आणू नये. वेगवेगळ्या खाजनांतून आणून प्रत्येकाची वेगळी ओळ लावावी, कारण या नावाखाली नांदणारी सगळी भाते एकसारखी नसतात. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान-1 हा क्षारसहनशील वाण कोरगुटमधूनच निवडून काढला, यावरून या विविधतेचे मोल लक्षात यावे.

दोन्ही जनक एकाच वेळी फुलावेत यासाठी त्यांची पेरणी आठवड्याच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत करावी. भात स्वपरागित असल्याने मादी जनकाचे फूल उमलण्याआधीच पुंकेसर काढावे लागतात. पानाच्या पोग्यातून अर्धीअधिक बाहेर आलेली लोंबी दुपारनंतर निवडावी. तिच्यातील उमललेली आणि अगदी कोवळी फुले कापून टाकावीत. उरलेल्या प्रत्येक फुलाचा वरचा तिसरा हिस्सा तिरका छाटून बारीक चिमट्याने सहाही पुंकेसर उचलावेत. परागकोश फुटला तर ते फूल सरळ काढून टाकावे, त्यावर दया दाखवू नये. लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास नर जनकाची फुललेली लोंबी तिच्यावर झटकावी, पिशवी पुन्हा लावावी आणि तारखेसह चिठ्ठी बांधावी. साधारण 25 दिवसांत दाणे पक्व होतात.

पहिल्या पिढीची रोपे जवळपास एकसारखी दिसतात. खरी विविधता दुसऱ्या पिढीत उघडी पडते, म्हणून तिथे जागा काटकसरीने देऊ नये. भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात क्षाराला अधिक हळवे असते, तेव्हा या दोन अवस्थांत क्षारग्रस्त वाफ्यातच तग धरणारी झाडे निवडावीत. एकट्या झाडाच्या दाण्यांवरून उताऱ्याचा निवाडा मात्र करू नये. बांधाजवळचे झाड मोकळ्या जागेमुळेही भरते. उंची, लोळणे आणि फुलोऱ्याचा दिवस यांवर झाडे निवडून पुढच्या पिढ्या ओळीने लावाव्यात आणि उताऱ्याची तुलना सहाव्या-सातव्या पिढीत, जया व कोरगुट शेजारी लावून, किमान तीन वाफ्यांत आणि एकाहून अधिक हंगामांत करावी. ठेंगणेपण टिकले पण क्षार सोसण्याची ताकद उतरली, असे आढळल्यास पुन्हा कोरगुटशी संकर करावा.