जुन्या ड्रोनला बाजारातली बॅटरी बसवताना

मालवणातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात घडीचे छोटे ड्रोन येतात ते बहुतेक ठणठणीत असतात. मेलेली असते ती बॅटरी, आणि कंपनीने तोवर ते मॉडेलच बंद केलेलं असतं. मग बाजारातली साधी लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, बसवायची. काम अवघड नाही, पण घाईचंही नाही.

आधी जुन्या बॅटरीवरचा आकडा वाचा. ७.४ व्होल्ट म्हणजे दोन सेल, पूर्ण भरल्यावर ८.४. नवीही दोन सेलचीच हवी. तीन सेलची १२.६ पर्यंत जाते, ती लावलीत तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. ७.६ लिहिलं असेल तर ती हाय व्होल्टेजची, तिचा सेल ४.३५ पर्यंत भरतो. तिच्या जागी साधी लिपो चालते, फक्त टक्केवारी सुरुवातीपासूनच कमी दिसेल. मात्र साधी लिपो त्या जुन्या बॅटरीच्या चार्जरवर भरायची नाही, तिची हद्द सेलमागे ४.२.

बॅटरीला करंटच्या धातूच्या पत्त्या दोनपेक्षा जास्त असतील तर जरा थांबा. काही ड्रोन बॅटरीशी बोलतात आणि उत्तर आलं नाही तर मोटर फिरवतच नाहीत. असलं गिऱ्हाईक मी सरळ परत पाठवतो.

पोरं हमखास विचारतात, "काका, मोठी बॅटरी घातली तर जास्त वेळ उडतलो मां?" थोडा वेळ वाढतो, पुढे वजनच तो खाऊन टाकतं, आणि मोटरा तापतात ते वेगळंच. जुनी बॅटरी काट्यावर ठेवा आणि नवी शक्यतो तेवढ्याच वजनाची घ्या. कायद्याच्या दृष्टीनेही वजन बघावं लागतं: २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर गेला की मायक्रो. २४५ ग्रॅमचा ड्रोन जाड बॅटरीने सहज पलीकडे जातो.

करंटचा हिशोब सोपा आहे. एमएएच ही बॅटरीची क्षमता, आणि सी म्हणजे त्या क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते तो आकडा. २२०० एमएएच आणि २५ सी म्हणजे २.२ गुणिले २५, ५५ अँपिअर. स्वस्त बॅटरीवरचा सी फुगवलेला असतो, त्यामुळे निम्माच खरा धरा. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून जोडायचा मोह होतो, पण उड्डाणाचा झटका त्यांना झेपत नाही.

आता जोडणी. ड्रोनच्या कप्प्यातल्या पत्त्या आत बोर्डावर जिथे डाग दिलेल्या असतात, तिथून १६ गेजच्या सिलिकॉन वायरी बाहेर काढा आणि त्यांना एक्सटी-३० नावाचा छोटा कनेक्टर लावा. पिनांची बाजू ड्रोनला, सॉकेट बॅटरीला. डाग देताना त्याच्या जोडीचा एक मोकळा कनेक्टर त्यात खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ पडून पिना वाकतात. हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, डाग देण्याआधीच वायरीत ओवा. बॅटरीचीच वायर कापायची वेळ आली तर एका वेळी एकच कापा, तिचं टोक टेपने बंद करा आणि मगच दुसरीला हात लावा. कात्रीत दोन्ही एकदम आल्या की ठिणगीच.

पहिल्यांदा करंट देताना पंखे काढून ठेवा. मीटरने प्लस-मायनस दोनदा तपासा. नंतर लाल वायरीच्या मध्ये रिक्षाचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये जोडा. क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बल्बने बोर्ड वाचवला. मोटरा मात्र बल्ब काढूनच फिरवायच्या.

बॅटरी वेल्क्रोच्या पट्ट्याने आवळा आणि दोन बोटांवर ड्रोन तोलून बघा, नाक खाली जाता कामा नये. बॅटरीच्या बॅलन्स वायरीला, म्हणजे प्रत्येक सेलकडून येणाऱ्या बारीक वायरींच्या प्लगला, लिपो अलार्म (व्होल्टेज उतरलं की वाजणारा) खोचून तो सेलमागे ३.५ वर लावा. ड्रोनची टक्केवारी जुन्या बॅटरीच्या मापाने चालते, तिच्यावर विसंबू नका.

पहिलं उड्डाण अंगणात, कमरेएवढ्या उंचीवर, दोन मिनिटं. उतरवून मोटरांना हात लावा. चटका बसला तर बॅटरी जड झाली. किनाऱ्यावर जायचं तर सकाळी जा, कारण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. ड्रोन आधी वाऱ्याच्या तोंडावर न्या, म्हणजे परत येताना उरलेल्या चार्जवर वारा त्याला मागून ढकलतो. त्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या साइटवरच्या नकाशावर तिथे ड्रोन उडवता येतो का ते बघा. चिपीचा विमानतळ जवळ आहे.

खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात. किनाऱ्यावरून आलात की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चार्जिंग सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवरच, एक सीने, म्हणजे २२०० ला २.२ अँपिअर, आणि पडवीत चिऱ्यावर किंवा लादीवर ठेवून. लाकडी माळ्यावर नको, आणि लावून बाजारात जायचं नाही. पावसाळ्यात ड्रोन बंदच असतो, तेव्हा सेलमागे ३.८ वर आणून पत्र्याच्या डब्यात सुक्या जागी ठेवा आणि महिन्याने एकदा मीटर लावा. फुगलेली बॅटरी टोचून चपटी करायला जाऊ नका. ती वापरातून काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.