बाबांच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस

पंचवटीतल्या घरी बाबांचा जुना कॉम्प्युटर आहे. लासलगावचे कांद्याचे भाव ते रोज सकाळी त्यावरच बघतात. गेल्या आठवड्यात तो चालू केला की पंखा घरघरायचा आणि खाली उजव्या कोपऱ्यात सारखी लाल चौकट यायची : ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस.’ बाबा घाबरले होते, पण त्यांनी त्यावर क्लिक केलं नाही, हे फार बरं झालं.

आधी वायफाय तोडलं. कोणते प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर एक अनोळखी प्रोग्राम, काहीच चालू नसताना, सीपीयूची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरची, ९० टक्के ताकद खात होता. अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं, की पुन्हा हजर. मग विंडोज सिक्युरिटी, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसमधलं ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला स्वतःला वाचवता येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत तो सापडला, निघाला. पंखा शांत!

वायफाय जोडलं आणि लाल चौकट परत. ती व्हायरसची नव्हतीच. क्रोमच्या सेटिंगमध्ये एका भलत्याच साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली होती. ती काढली, चौकट गेली.

त्या प्रोग्रामने पासवर्ड चोरले असले तर, म्हणून बँकेचे पासवर्ड मात्र मी माझ्या मोबाइलवरून बदलले.