संमोहनोपचार शिकण्याआधी

मानसशास्त्रात एम.ए. करणारे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात: संमोहनोपचार शिकावा का, आणि शिकला तर डॉक्टर मंडळी आपल्याला गांभीर्याने घेतील का? चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना मी मोजक्याच रुग्णांसाठी संमोहनाचा वापर करते. त्या अनुभवावरून सांगायचे, तर या पद्धतीची विश्वासार्हता सरसकट ठरवता येत नाही. ती कोणत्या तक्रारीसाठी वापरली जाते आणि वापरणाऱ्याला संमोहनाखेरीज आणखी काय येते, यावर सारे अवलंबून असते.

पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम जागा आतड्यांच्या आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठ) या विकाराची आहे. मँचेस्टरचे पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर केलेली नियंत्रित चाचणी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे २००८ मध्ये कोणते उपचार वापरावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत, बारा महिने औषधे घेऊनही बरे न वाटणाऱ्या रुग्णांसाठी ज्या मानसोपचारांचा विचार करावा असे म्हटले, त्यांत संमोहनोपचाराचाही समावेश होता.

प्रत्यक्ष सत्र अगदी साधे असते. रुग्ण खुर्चीत रेलून बसतो, श्वासाकडे लक्ष देतो आणि शरीर सैल झाले की स्वतःचा तळहात पोटावर ठेवतो. त्या हाताची ऊब आत उतरते आहे, अशी सूचना दिली जाते. मग आतड्यांच्या हालचालीसाठी वाहत्या नदीची कल्पना करायला सांगतात. जुलाबाचा त्रास असणाऱ्याची नदी संथ होत जाते, बद्धकोष्ठ असणाऱ्याची मोकळी वाहू लागते. माझ्याकडे आलेल्या कोकणातल्या एका बाईंना नदी काही केल्या जमेना. त्यांनी आपणहून खाडीची भरती-ओहोटी निवडली आणि तिच्यावर आमचे काम उत्तम चालले. छापील संहिता पाठ करून हे जमत नाही, समोरच्या माणसाचे ऐकावे लागते. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही आढळले, तर मी सत्र सुरूच करत नाही, रुग्णाला आधी पोटविकारतज्ज्ञाकडे तपासणीसाठी पाठवते. नवशिक्याने हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

शस्त्रक्रियेच्या वेळच्या वेदनेबाबतही चांगला पुरावा आहे. न्यूयॉर्कमध्ये स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या २०० स्त्रियांवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वी केवळ पंधरा मिनिटांचे संमोहन मिळालेल्या स्त्रियांना वेदना आणि मळमळ कमी झाली आणि गुंगीचे औषधही कमी लागले. धूम्रपान सोडवण्याच्या बाबतीत मात्र, जाहिराती काहीही म्हणोत, उपचारांवरील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही.

संमोहन सर्वांवर सारखे चालत नाही, ही गोष्ट अनेक प्रशिक्षक सोयीस्करपणे गाळतात. १९५९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी संमोहनक्षमता मोजण्याची श्रेणी तयार केली. ताणून धरलेला हात जड होतो आहे अशी सूचना दिल्यावर तो किती खाली येतो, अशा छोट्या कसोट्या तिच्यात आहेत. थोड्या लोकांत ही क्षमता फार असते, थोड्यांत जवळजवळ नसते आणि बाकीचे मध्ये कुठेतरी असतात. स्नेहसंमेलनात ‘मोहिनीविद्या’ दाखवणारा जादूगार आधी सगळ्या सभागृहाला बोटे गुंफायला लावतो, ते नेमके याच निवडीसाठी.

संमोहन सर्वांवर सारखे चालत नाही, याचा एक मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यविशारद जेम्स एस्डेल यांनी १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, आधारे शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा हत्तीरोगामुळे वाढलेल्या प्रचंड गाठींच्या होत्या. त्यांचे स्थानिक मदतनीस रुग्णाच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवत बसत. १८४६ मध्ये कलकत्त्यात या पद्धतीचे स्वतंत्र रुग्णालयही निघाले. पण त्याच वर्षी बॉस्टनमध्ये भूल देणाऱ्या इथरचे यशस्वी प्रात्यक्षिक झाले आणि पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले. भूल जवळजवळ प्रत्येकाला आणि काही मिनिटांत चढते. मेस्मेरिझमची तशी खात्री कोणालाच देता येत नव्हती. म्हणून आजही संमोहन प्रायः इतर उपचारांच्या जोडीने वापरतात.

सर्वाधिक सावधगिरी आठवणींच्या बाबतीत बाळगावी लागते. संमोहित अवस्थेत माणूस अधिक तपशील सांगतो, पण त्यात खरे आणि कल्पित दोन्ही मिसळलेले असते, आणि खोट्या तपशिलावरचाही त्याचा विश्वास वाढतो. त्यामुळे विस्मृतीत गेलेले बालपण किंवा पूर्वजन्म ‘बाहेर काढून’ देण्याचे काम मी घेत नाही. तसा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला मी सध्याचा त्रास काय आहे तेवढेच विचारते. बहुतेकांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. भास किंवा भ्रम असलेल्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय संमोहन देऊ नये, हेही लक्षात ठेवावे.

आता शिक्षणाविषयी. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण त्याने कोणी उपचारक होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी, किंवा पदव्युत्तर पदवीनंतरच्या, देखरेखीखालील प्रशिक्षण असलेल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.शी जोडलेली आहे. आधी केस हिस्टरी घेणे, निदान समजणे आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणे शिकावे. संमोहन त्यानंतर, एक तंत्र म्हणून. निव्वळ संमोहनावर व्यवसाय उभा करू पाहणाऱ्याला हळूहळू प्रत्येक रुग्णात संमोहनाचीच गरज दिसू लागते.

डॉक्टरांचा विश्वास बसतो तो कागदावर. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला मी एक पानी अहवाल देते: सुरुवातीची आणि शेवटची लक्षणे, किती सत्रे झाली, काय सुधारले आणि काय सुधारले नाही. ‘काय सुधारले नाही’ हा भाग ते आधी वाचतात, असा माझा अनुभव आहे. अभ्यासक्रम निवडताना प्रशिक्षकाकडे असे दोन-तीन अहवाल, रुग्णाची ओळख झाकून, जरूर मागा.