कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा

थेंब घातले की आठवडाभरात कान बरा दिसतो आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोच आंबूस वास येतो. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. डोकं झटकणं, कानांची फटफट, मागच्या पायाने खाजवताना तोंडातून निघणारं कण्हणं, आणि कपाटात ठेवलेली मागच्या वेळची अर्धी बाटली. आमची चिंगी कॉकर स्पॅनिएल आहे. तिच्या कानांचा हा फेरा तीन वर्षं चालला. त्यातून बाहेर पडताना जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कानात वाढलेली बुरशी आणि जिवाणू हा बहुतेक वेळा मूळ आजार नसतो. निरोगी कुत्र्याच्या कानातही ते थोडेफार असतातच. कानातली त्वचा काही कारणाने सुजली, ओलसर राहिली, जास्त मळ सोडू लागली की त्यांना रान मोकळं मिळतं. थेंब त्यांना मारतात, पण त्वचा मुळात का सुजली हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून कान पुन्हा बिघडतो. वर्षात दोन-तीनदा असं झालं असेल तर ‘नवीन इन्फेक्शन झालं’ असं न समजता ‘जुनं कारण अजून तिथेच आहे’ असं समजा.

पहिली पायरी: जुनी बाटली बाजूला ठेवा

मागच्या वेळचे थेंब घालून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरायला हवा, आणि त्याचं कारण कानाच्या रचनेत आहे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आतल्या बाजूला वळते. इंग्रजी ‘एल’ अक्षर डोळ्यांसमोर आणा. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो, त्यामुळे पाळी उचलून आपल्याला जे दिसतं ते फक्त दार असतं. आत पडदा फाटलेला असेल तर काही औषधं, उदाहरणार्थ जेंटामायसिन गटातली अँटिबायोटिक किंवा क्लोरहेक्सिडिन, आतल्या कानात उतरून ऐकण्याला आणि तोलाला इजा करू शकतात. पडदा शाबूत आहे की नाही हे डॉक्टर ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, बघतात. आपल्याला ते घरी कळूच शकत नाही.

दुसरी तपासणी स्वॅबची. कानातला मळ कापसाच्या काडीवर घेऊन काचेच्या पट्टीवर फिरवतात, रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. आमच्या डॉक्टरांनी एकदा मला ती पट्टी दाखवली. निळ्या-जांभळ्या रंगाचे, मधोमध आवळलेले, अगदी भुईमुगाच्या शेंगेसारखे ठिपके सगळीकडे पसरले होते. ती मॅलॅसेझिया नावाची बुरशी. तिच्याऐवजी गोल जिवाणू दिसले तर औषध वेगळं लागतं. दांड्यांसारखे लांबट जिवाणू दिसले तर डॉक्टर सहसा कल्चर, म्हणजे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, करायला सांगतात, कारण त्यांत स्यूडोमोनास असू शकतो. तो अनेक औषधांना दाद देत नाही आणि कानात जखमा करतो. ही तपासणी प्रत्येक वेळी करून घ्या. मागच्या वेळी बुरशी होती म्हणून या वेळीही तीच असेल असं नसतं. आणि डॉक्टरकडे जायच्या आधी एक-दोन दिवस कान धुऊ नका, नाहीतर बघायला काही उरत नाही.

काही लक्षणं दिसली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोकं एका बाजूला कललेलं राहणं, चालताना झोक जाणं, बुबुळं आपोआप हलत राहणं, चेहऱ्याची एक बाजू लोंबणं किंवा तोंड उघडताना दुखणं, म्हणजे त्रास पडद्याच्या आत पोहोचलेला असू शकतो. कानाची पाळी अचानक फुग्यासारखी फुगली असेल तर डोकं झटकून आत रक्त साकळलेलं असतं. तेही लवकर दाखवावं लागतं.

दुसरी पायरी: कान धुण्याची रीत

डॉक्टरांनी पडदा ठीक आहे म्हटलं आणि क्लीनर लिहून दिला की मगच हे करायचं. कान फार दुखत असेल तर घरी हातच लावू नका. अशा कुत्र्यांना गुंगी देऊन कान आतून धुतात, आणि ते त्यांच्यावर उपकारच असतात.

बाटली आधी हातात धरून किंवा खिशात ठेवून कोमट करा. गार द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली शिरतो. पाळी वर उचलून धरली की नळी थोडी सरळ होते. कान भरेल इतका क्लीनर ओता. चार थेंबांनी काही होत नाही. मग पाळीच्या खाली, जबड्याच्या मागच्या बाजूला बोटांनी चाचपा. तिथे एक टणक नळी हाताला लागते. ती हलक्या हाताने वीस-तीस सेकंद चोळा. आतून पचपच असा आवाज आला की क्लीनर वळणापर्यंत पोहोचला असं समजायचं. आता हात सोडून मागे सरका आणि त्याला डोकं झटकू द्या. हे झटकणं फार कामाचं आहे, कारण आपलं बोट जिथे पोहोचत नाही तिथला मळ त्यानेच वर येतो. मग बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पुसा.

इअरबड वापरू नका. तो मळ वळणाच्या पलीकडे ढकलतो आणि तिथे त्याचा बोळा बनतो. व्हिनेगर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री ऑइल यांतलंही काही कानात घालू नका. सुजलेल्या त्वचेवर ते झोंबतं, आणि टी ट्री ऑइल तर कुत्र्यांसाठी विषारी आहे.

कान धरू न देणारा कुत्रा असेल तर पहिले काही दिवस बाटली फक्त शेजारी ठेवा आणि खाऊ द्या. नंतर पाळी उचला, खाऊ द्या, सोडून द्या. चिंगीला यात दोन आठवडे लागले. त्याआधी आम्ही दोघं तिला धरून ठेवायचो. त्या झटापटीत तिचा कान आणखी दुखत होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी पायरी: औषधाचा कोर्स पूर्ण करा

आधी धुणं, मग दहा-पंधरा मिनिटं थांबणं, मग औषध. मळावर पडलेले थेंब त्वचेपर्यंत जात नाहीत. मोठ्या कुत्र्याला दोन थेंब पुरत नाहीत, म्हणून किती मिली घालायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि तेवढं मोजून घाला. रोज धुवायचं की आठवड्यातून दोनदा, हेही विचारा. काही औषधं डॉक्टर एकदाच कानात भरतात आणि ती कित्येक दिवस काम करतात. तसं औषध घातलं असेल तर मध्ये कान धुवायचा नसतो.

पाचव्या दिवशी खाज थांबते, वास जातो, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं. आतली सूज उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. कोर्स संपत आल्यावर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि पुन्हा स्वॅब बघून घ्या. औषध कधी थांबवायचं ते पट्टीवर काय दिसतं यावर ठरू द्या. आमचे दोन फेरे केवळ ही फेरतपासणी टाळल्यामुळे वाढले.

चौथी पायरी: मूळ कारणाचा शोध

वारंवार होणाऱ्या कानदुखीमागे सर्वांत जास्त सापडणारं कारण म्हणजे ॲलर्जी. धूळ, परागकण यांची असेल किंवा अन्नाची. काही कुत्र्यांत तिचं एकमेव लक्षण कानच असतं, पण बहुतेकदा शरीर इतर ठिकाणीही बोलत असतं. पंजे चाटून केस तांबूस होणं, काखा आणि पोट लाल होणं, चेहरा सोफ्याला घासणं, गुदद्वाराजवळ खाज. हे सगळं एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. ठरावीक ऋतूतच त्रास होतो की बारा महिने, हे त्या वहीतून कळतं आणि डॉक्टरांना दिशा मिळते.

अन्नाची ॲलर्जी आहे का हे रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीतून भरवशाने कळत नाही. त्यासाठी पथ्याची चाचणी करावी लागते. किमान 8 आठवडे फक्त एकच अन्न द्यायचं. त्यातलं प्रथिन एक तर कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं असावं, नाहीतर हायड्रोलाइज्ड, म्हणजे इतकं बारीक तोडलेलं की शरीराला ते ओळखूच येत नाही. बिस्किट, चघळायची कांडी, मुलांनी टेबलाखाली सरकवलेला घास, यांतलं काहीही चालत नाही. आमची पहिली चाचणी पाचव्या आठवड्यात वाया गेली, कारण मांसाच्या चवीची जंताची गोळी कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्रास कमी झाला तर शेवटी जुनं अन्न पुन्हा देऊन बघायचं असतं. तेव्हा खाज परतली तरच अन्नाची ॲलर्जी पक्की म्हणायची.

दुसऱ्या वेळी चाचणी पूर्ण झाली आणि चिंगीच्या कानांत काहीच फरक पडला नाही. तेव्हा निराश झाले होते, पण त्यामुळेच अन्न हे कारण नाही हे ठरलं आणि उपचार वातावरणातल्या ॲलर्जीकडे वळले. त्यासाठी ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन, ॲलर्जीची लस असे पर्याय आहेत. कोणता योग्य ते कुत्र्याचं वय आणि इतर आजार बघून डॉक्टर ठरवतात.

ॲलर्जीशिवायची कारणंही बघायला हवीत. पिल्लाच्या कानात कोरडा, कॉफीच्या पुडीसारखा काळपट मळ असेल तर कानातल्या माइट्सचा, म्हणजे अगदी बारीक किड्यांचा, संशय घ्यावा. त्यात घरातल्या मांजरासकट सगळ्या प्राण्यांवर उपचार करावे लागतात. गवतातून फिरून आल्यावर एकच कान अचानक दुखू लागला तर आत कुसळ गेलेलं असू शकतं. मध्यम वयाचा कुत्रा सुस्तावला, जाड झाला, केस विरळ झाले तर थायरॉइड तपासा. म्हाताऱ्या कुत्र्याचा एकच कान सारखा बिघडत असेल तर आत गाठ नाही ना, हे बघायलाच हवं. लोंबते कान, कानातले दाट केस आणि पोहणं यांना दोष देऊन आपण थांबतो, पण ती एकटी सहसा पुरेशी नसतात. सगळे लोंबत्या कानांचे कुत्रे आजारी पडत नाहीत.

पाचवी पायरी: कान बरा असतानाची निगा

रोज एकदा दोन्ही कानांचा वास घ्या. बिघाड डोळ्यांआधी नाकाला कळतो. धुणं किती दिवसांनी करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, बऱ्याच कुत्र्यांना आठवड्यातून एकदा पुरतं. निरोगी कान सारखा धुतला तर त्वचा मऊ पडून उलट त्रास सुरू होतो. अंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर मात्र कान कोरडा करा. कानातले केस उपटणं सरसकट करू नका, उपटल्यावर सूज येते. ॲलर्जीच्या काही कुत्र्यांना डॉक्टर बऱ्या कानातही आठवड्यातून एक-दोनदा सूज कमी करणारे स्टेरॉइडचे थेंब चालू ठेवतात. चिंगीला ते लागू पडले.

कधी कधी फार उशीर झालेला असतो. वर्षानुवर्षांच्या सुजेने नळीची भिंत जाड होते, तिथे चुना साठून ती हाडासारखी कडक होते, आणि मग कोणतंही औषध आत जात नाही. अशा वेळी पूर्ण नळी काढून मधला कान साफ करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती मोठी आहे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला धोका असतो आणि त्या बाजूचं ऐकणं बरंचसं जातं. ती या कामाचा सराव असलेल्या सर्जनकडूनच करून घ्यावी. पण असा कान आधीच जवळजवळ बहिरा झालेला असतो, आणि दुखणं मात्र चोवीस तास चालू असतं. निर्णय घेताना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा.