इंग्लंडमधलं निवांत रान: निवडायचं कसं, फिरायचं कसं

नकाशावर ‘फॉरेस्ट’ दिसलं की तिथे दाट झाडी असणारच, असं धरून चालू नका. मध्ययुगात हा शब्द राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या मुलखाला लावत, आणि त्यात माळ, दलदल, गावं सगळंच येई. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टचा बराच भाग आजही उघडा माळ आहे. झाडांच्या सावलीत दोन-तीन तास शांतपणे घालवायचे असतील तर ‘वुड’, ‘कॉप्स’ किंवा ‘हँगर’ अशा नावांची छोटी रानं शोधा. कॉप्स म्हणजे ठरावीक वर्षांनी बुडाशी तोडून पुन्हा फुटू दिलेली झाडी. हँगर म्हणजे टेकडीच्या उभ्या उतारावरचं रान.

शांतता मिळणार की नाही, हे निम्मं घरी नकाशावरच ठरतं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी वेष्टनाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, कागदी किंवा अ‍ॅपवरचा. त्याचं प्रमाण १:२५,००० असतं, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर १:५०,०००चा. पायी फिरायला तो अपुरा पडतो. एक्सप्लोररवर हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाट आणि लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे, जिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही येतात. काळ्या तुटक रेषेला मात्र फसू नका. तिथे जमिनीवर वाट आहे एवढंच ती सांगते, त्या वाटेने जायचा हक्क आहे असं नाही. नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

झाडांच्या खुणाही बघा. टोकदार खूण सूचिपर्णी झाडांची, गोलसर खूण रुंद पानांच्या झाडांची. लाकडासाठी ओळीने लावलेल्या सूचिपर्णी लागवडीत खाली उजेडच पोचत नाही, त्यामुळे फुलं जवळपास नाहीत आणि पक्षीही कमी. गोल खुणांचं रान निवडा. त्यातही ‘एन्शंट वुडलंड’ असेल तर उत्तम. इंग्लंडमध्ये हा शब्द इ. स. १६०० पासून सलग झाडीखाली असलेल्या जागेला लावतात. झाडं तेवढी जुनी असतीलच असं नाही, पण माती मोडलेली नसते. वुड अ‍ॅनिमोनसारखी अतिशय सावकाश पसरणारी फुलं म्हणूनच तिथे भेटतात.

आता रस्त्यांचा आवाज. मोटरवे दोन किलोमीटरवर असला तरी त्याची घरघर ऐकू येते, आणि पानं गळल्यावर जास्तच. इंग्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. त्यामुळे रान मोठ्या रस्त्याच्या नैऋत्येला असेल तर वारा आवाज पलीकडे नेतो, ईशान्येला असेल तर थेट तुमच्या कानात आणून सोडतो. मध्ये एखादी टेकडी असली तर सोन्याहून पिवळं.

मालकी कुणाची, हेही आधी पाहून ठेवा. वुडलंड ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे हजाराहून अधिक रानं आहेत आणि तिथे प्रवेश फुकट असतो. फॉरेस्ट्री इंग्लंड या सरकारी वनसंस्थेची आणि त्या त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) वाइल्डलाइफ ट्रस्टची रानंही बहुतेक खुली असतात. ऑक्सफर्डजवळचं विथम वुड्स विद्यापीठाचं आहे. तिथे पक्ष्यांवर कित्येक दशकं संशोधन चालू आहे आणि आत जायला आधी परवाना काढावा लागतो. खासगी रानात फक्त सार्वजनिक पायवाटेवरून चालायचं. वाट सोडलीत म्हणून पोलीस धरत नाहीत, पण मालक निघून जा म्हणाला तर निघावं लागतं.

प्रसिद्ध जागांबद्दल स्पष्टच सांगायचं तर त्या टाळा. नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावरचं विस्टमन्स वुड, शेवाळलेल्या शिळांमध्ये वाढलेले खुजे, वाकडेतिकडे ओक, फोटोंमुळे इतकं गाजलं की तिथलं शेवाळ पायांखाली झिजू लागलं. आता आत न शिरता कडेकडेनेच फिरावं अशी विनंती केली जाते. त्यापेक्षा सफोकमधलं ब्रॅडफील्ड वुड्स बघा. तिथे १२५२ पासून हेझल आणि अ‍ॅश ही झाडं पाळीपाळीने तोडून वाढवल्याची नोंद आहे आणि ते काम अजून चालतं. नुकत्याच तोडलेल्या पट्ट्यात भरपूर ऊन येतं, फुलं येतात. शेजारच्या दाट पट्ट्यात पक्षी. शंभर पावलांत रानाची चार वयं दिसतात.

कधी जायचं? ब्लूबेल या निळ्या, घंटेसारख्या रानफुलांसाठी दक्षिणेत एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य, उत्तरेत थोडं उशिरा. शनिवार-रविवारी नाही, आडवारी, सकाळी आठच्या आत. पक्ष्यांचा पहाटेचा गजर ऐकायचा असेल तर मेच्या सुरुवातीला सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास. जुलै-ऑगस्ट फसवा असतो: वर पानांचं छत मिटलेलं, खाली फुलं संपलेली, पक्षी गप्प, आणि घोडमाश्या मात्र जोरात. बीच झाडांचा तांबूस रंग ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

हिवाळ्यात वेळेचा हिशेब चुकला की पंचाईत होते. डिसेंबरच्या मध्यावर लंडनच्या आसपास चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि झाडांखाली त्याच्याही अर्धा तास आधी वाट दिसेनाशी होते. त्यामुळे दोन वाजता परत फिरायचं, मग कितीही छान वाटत असो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तो आठवडा विशेष दगा देतो. शिवाय १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. खासगी रानाच्या कडेला तशी पाटी दिसली किंवा बार ऐकू आले तर सार्वजनिक वाट सोडू नका. रविवारी या पक्ष्यांची शिकार कायद्यानेच बंद असते, म्हणून त्या महिन्यांत रविवार सोयीचा.

रविवारची अडचण बसची. खेड्यांकडे जाणाऱ्या कित्येक बस रविवारी नसतातच आणि इतर दिवशीही शेवटची बस सहाच्या आत निघून जाते. परतीची वेळ आधी लिहून ठेवा. थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर बस थांबेलच असं नाही, हात पुढे करायचा. गाडी असेल तर रानाच्या फाटकासमोर लावू नका, मग ते कितीही वापरात नसल्यासारखं दिसो. तोच रस्ता अग्निशमन दलाचा आणि लाकूड नेणाऱ्या ट्रकचा असतो.

कपड्यांत फार विचार नको. घोट्याला आधार देणारे जलरोधक बूट, लांब पँट, पायमोजे तिच्यावरून ओढलेले. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर सुकत नाही. गुडघ्याएवढे रबरी बूट चिखलाला बरे, पण चार-पाच किलोमीटरनंतर टाचेला फोड आणतात. पाऊस थांबल्यावरही झाडांखाली बराच वेळ टपटपत राहतं, तेव्हा आकाश निवळलं तरी रेनकोट पिशवीत कोंबू नका.

वाटेवरचे बाण ओळखा: पिवळा पायी चालणाऱ्यांसाठी, निळा ब्रायडलवे, जांभळा घोडे-सायकल-घोडागाड्या चालतील पण मोटार नाही असा, तांबडा सगळ्यांसाठी. फाटक उघडं असेल तर उघडं सोडायचं, बंद असेल तर बंद. ‘किसिंग गेट’ पहिल्यांदा बघणारे हमखास अडकतात. अर्धगोल किंवा त्रिकोणी कुंपणाच्या आत झुलणारं ते एक दार असतं. दार पुढे ढकलायचं, कुंपणाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, दार आपल्या अंगावरून मागे आणायचं आणि मोकळ्या झालेल्या फटीतून बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती आधी काढून हातात धरा, नाहीतर दार आणि तुम्ही दोघंही तिथेच.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं न थांबता चाला. वर्दळ बहुधा फाटकाजवळच संपते. मग वाटेलगतचं एखादं पडलेलं खोड बघून बसा, फोन बंद, हालचाल नाही. रॉबिन पक्षी पाच मिनिटांत परत येतो, खारी दहा मिनिटांत. मंटजॅक हरीण किंवा रो हरीण दिसायला वीस मिनिटं तरी हवीत, आणि वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे वाहणारा हवा.

ब्लूबेलच्या ताटव्यात फोटोसाठी एक पाऊलही टाकू नका. चुरगळलेलं पान सूर्यप्रकाशातून अन्न बनवू शकत नाही, कंद उपाशी राहतो आणि तो तुकडा सावरायला वर्षं लागतात. रानटी कंद जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उपटणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मूळ इंग्लिश ब्लूबेल ओळखायला वाकून बघा: देठ एका बाजूला झुकलेला, घंटा त्याच बाजूला लोंबणाऱ्या, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, आतलं पराग सायीच्या रंगाचं आणि मंद सुवास. ताठ देठाभोवती सगळीकडे फिकट फुलं असतील तर ती बागेतून निसटलेली स्पॅनिश जात किंवा तिचा संकर.

अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे आणि मेलेल्या फांद्या एकदम तुटतात. शेंड्याला पानं नसलेल्या अ‍ॅशखाली डबा उघडून बसू नका, वारा असेल तर त्या वाटेलाच जाऊ नका. कुत्रा बरोबर असेल तर १ मार्च ते ३१ जुलै खुल्या प्रवेशाच्या जमिनीवर त्याला जास्तीत जास्त दोन मीटरच्या पट्ट्यात ठेवावं लागतं, कारण पक्ष्यांची घरटी जमिनीवरही असतात. शेकोटी आणि बार्बेक्यू नाहीच.

दरीतल्या रानात फोनला रेंज नसते. संकटात ९९९ लावायचा आणि नकाशावरचा ग्रिड रेफरन्स (उभ्या-आडव्या रेषांवरून काढलेला जागेचा क्रमांक) सांगायचा. बोलण्यापुरती रेंज नसली तरी एखादा संदेश जाऊ शकतो. त्यासाठी घरूनच ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ वर मेसेज करून, उत्तरात येतील त्या सूचनांप्रमाणे नोंदणी पूर्ण करून ठेवा. ऐन वेळी ती करत बसायला सवड नसते.

निघताना बुटांचा चिखल तिथेच ब्रशने काढा, कारण मातीबरोबर झाडांचे रोग दुसऱ्या रानात पोचतात. घरी आल्यावर गोचीड शोधा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या रेषेशी, मुलांच्या कानामागे. बारीक, रक्त न प्यालेली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि दुखत अजिबात नाही. अणकुचीदार चिमट्याने ती कातडीला अगदी चिकटून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश असले उपाय करू नका. गोचीड बिथरली तर पोटातलं जखमेत सोडते. चावल्याची तारीख लिहून ठेवा. साधारण एक ते चार आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल वण उठला किंवा ताप आल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगावर वेळेत प्रतिजैविकं मिळाली की तो बरा होतो.